सेस्नासमोर घार आली तर

मी बारामतीला सेस्ना १७२ या छोट्या विमानावर उड्डाण शिकवतो. नव्या मुलांना इंजिन बंद पडण्याची धास्ती असते, घारीची नसते. ती असायला हवी. सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, आपण ज्या उंचीवर फिरतो तिथेच पक्षी असतात. मोठ्या जेटच्या काचा पक्ष्याची धडक सोसतील अशा बनवलेल्या असतात, आपली काच नुसती ॲक्रेलिकची.

सुरुवात विमान उभं असतानाच करा. काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) तोंडात टॉर्च मारून आतपर्यंत बघा. विणीच्या दिवसांत साळुंकी काड्या, चिंध्या, सुतळी आणून कोंबते आणि इंजिन तापलं की ते पेटू शकतं. उतरल्यावर आधी काउलिंगचे प्लग आणि पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर लावा, चहा मग.

रनवेलगत गवत कापलं असेल तर किडे टिपायला बगळे जमतात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात त्या संध्याकाळी तर घारी, कावळे सगळेच येतात. टिटवी मोकळ्या जमिनीवरच अंडी घालते आणि ऐन टेक-ऑफला उठते. ऊन तापलं की घारी पंख न हलवता चकरा मारत वर चढतात, म्हणून चटकन दिसत नाहीत. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला खाली जाऊ नका. थवा उठला तर निसटायला वाट नसते. लँडिंग लाइट दिवसाही चालू असू द्या.

पक्षी समोर आलाच तर वरून निघा, कारण घाबरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो. मात्र आधी थ्रॉटल पुढे करून इंजिनची ताकद वाढवा, मग नाक उचला, तेही हलक्या हाताने. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ६५ नॉटला योक (हातातलं सुकाणू) खेचून वळायला गेलात तर स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल तुटेल. जमिनीजवळ स्टॉल होण्यापेक्षा घारीची धडक परवडली. टेक-ऑफला चाकं अजून जमिनीवर असतील, पुढे रनवे पुरेसा असेल आणि थवा दिसला, तर थांबा.

एकदा डाउनविंडला (सर्किटमधल्या रनवेला समांतर टप्प्यात) घार डाव्या स्ट्रटवर, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर आदळली. बाजूच्या काचेवर रक्त पसरलं, फटीत एक पीस अडकून फडफडत राहिलं. शेजारचा मुलगा त्या पिसाकडेच बघत होता आणि इकडे नाक खाली चाललं होतं. धडकेनंतर नजर क्षितिजावर हवी. विमान उडतंय ना, एवढंच आधी बघा.

मग आरपीएम (इंजिनचे फेरे), ऑइलचं प्रेशर आणि तापमान. थरथर असेल तर थ्रॉटल कमी करून जवळचा रनवे गाठा. काच फुटली असेल तर वेग कमी करा, डोळ्यांवर चष्मा हवाच. पंखाला मार बसला असेल तर फ्लॅप (पंखामागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) न वापरता, उंचीवर असतानाच वेग हळूहळू उतरवून बघा. ज्या वेगाला विमान एका बाजूला झुकू लागेल, फायनलवर त्याच्या बऱ्यापैकी वरच राहा. वेगाचा काटा पटत नसेल तर पिटो तुंबला समजा आणि नेहमीचा आरपीएम, नाकाची नेहमीची ठेवण यांवर उतरवा.

उतरल्यावर रक्त पुसू नका. पिसं कागदी पाकिटात ठेवा, फोटो काढा. पोचा बोटाएवढा दिसला तरी आतली रिब (पंखाची फासळी) वाकलेली असू शकते, तेव्हा इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) रिपोर्ट करा, नुकसान झालेलं नसलं तरी. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि कचरा टाकायला बंदी आहे. जवळच्या ओढ्यात कोंबडीच्या दुकानांची घाण पडलेली वरून दिसली, तर जागा टिपून विमानतळाच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या.