जिनिंगमध्ये ऑटो फीडर येतोय? माणसं कमी करताना या चुका टाळा

वणी, हिंगणघाट, पांढरकवडा पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ऑटो फीडर बसला की रेच्यावर (कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनवर) हातानं कापूस टाकणाऱ्या बायांचं काम जातं. मशीन तर येणारच. माणसांचे हाल मात्र बरेचदा ऑफिसातल्या चुकांमुळे होतात.

पाडवा उलटून गेल्यावर सांगणं
ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सालगड्याचं साल, म्हणजे वर्षभराच्या शेतकामाचा करार, गुढीपाडव्याला ठरतं. हंगाम संपवून, हिशोब करून एप्रिल-मेमध्ये निरोप दिला, तर त्या घरातल्या माणसाला सालदारी धरायची वेळ निघून गेलेली असते; उरते रोजमजुरी. निर्णय पक्का झाला की पाडव्याच्या निदान महिनाभर आधी सांगा.

कायद्याची मुदत वेगळी मोजा. सलग वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. पाळीच्या वेळांसारख्या सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

मुकादमाच्या तोंडून कळवणं
मुकादमाची उचल कामगारांकडे अडकलेली असते, त्यामुळे तो बातमी आपल्या वसुलीच्या सोयीनं सांगतो. मॅनेजरनं स्वतः, पाळी सुटायच्या अर्धा तास आधी, पगारी वेळेत सांगावं. बाजाराचा दिवस टाळा. कोलामी किंवा गोंडी बोलणारे कामगार असतील तर त्यांच्यातलाच एक जाणता माणूस सोबत घ्या. सभेत कोणी काही बोललं नाही म्हणजे पटलं, असं समजू नका. खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ निघतात. तिथं जाऊन उभं राहा.

हिशोब तोंडी ठेवणं
ग्रॅच्युइटी लागू असेल तर प्रत्येकाला आकडेमोड कागदावर द्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये, नोकरी ८ वर्षं:
१३,००० × १५ × ८ ÷ २६ = ६०,००० रुपये.
हंगामी कामगाराला १५ ऐवजी ७ दिवस धरतात, म्हणजे ८ हंगामांचे २८,०००. हा फरक आधी समजावला नाही तर गेटवर ऐकायला मिळतंच, "तिले साठ अन् मले अठ्ठावीसच काऊन?" रक्कम ३० दिवसांत द्यायची असते.

पीएफचे कागद नंतर बघू म्हणणं
आधारवर सासरचं नाव, पीएफ खात्यात माहेरचं. जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. मोबाइल नंबर पोराचा, अन् पोरगा पुण्यात. ओटीपी त्याच्याकडे जातो. बाई कामावर आहे तोवर हे निस्तरतं, कारण नावाच्या दुरुस्तीसाठी काही वेळा कंपनीची मंजुरी लागते. नंतर त्यासाठी तिनं मजुरी बुडवून चकरा मारायच्या का?

नोटीस दिली त्याच आठवड्यात हजेरी खिडकीजवळ टेबल लावा. आधार, बँक पासबुक आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) समोरासमोर ठेवून नावातलं अक्षरन् अक्षर जुळवा. बँक खातं चालू आहे ना, तेही बघा. शेवटच्या दिवसानंतर पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा. ती राहिली की पैसे अडकतात.

राहिलेल्यांना विसरणं
पाळी बदलताना शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आधी विचारा. बायांना रात्रपाळी द्यायची तर त्यांची संमती हवी, घरी सोडायला गाडीही हवी.

आणि एक धोका नेमका जुन्या, हुशार हातांनाच असतो. वर्षानुवर्षं रेच्यावर कापूस सारलेला, म्हणून फीडर चोक झाला की हात आपोआप आत जातो. पहिले काही दिवस प्रत्येक पाळीला फिटरकडून दाखवून घ्या: मशीन बंद, मेन स्विच खाली, रोलर पूर्ण थांबलेला, मगच झाकण उघडायचं. आणि फिटर सांगेपर्यंत स्विचला कोणी हात लावायचा नाही.