खालच्या काकूंची भांडी न वाजवता डब-ट्रान्स कसं ऐकावं

प्रायोगिक डब (तयार गाण्यातून गळा, वाद्यं काढून घडवलेलं बेसभरलं संगीत) आणि ट्रान्स (एकसारख्या ठोक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) यांचं एक कंपायलेशन, म्हणजे निवडक ट्रॅकचा संग्रह, पहिल्यांदा लावलं तेव्हा मी लागोपाठ दोन चुका केल्या. आधी ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि 'नुसती टिकटिक आहे' म्हणून बंद केलं. मग भावाचा सबवूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर, आणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि आवाज चढवला. तिसऱ्या ट्रॅकला दारात खालच्या काकू. "अरे, आमच्या मांडणीवरची ताटं वाजतायत. दळण घातलंयस का?" नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या फ्लॅटमध्येच मग ही पद्धत हळूहळू बसली.

आधी उपकरण

या संगीताचं वजन, म्हणजे बेस, खालचा खोल आवाज, साधारण 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात असतं आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. कान पूर्ण झाकणारा, वायरचा साधा हेडफोन पुरे. स्पीकरच हवा असेल तर कोपरा टाळा. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 7 मीटर, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा मोठी. ती भिंतींवर आपटून कोपऱ्यात साचते आणि बेस नुसता घुमतो. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा. ट्रॅक चालू ठेवून खोलीत फेरी मारा. एका जागी बेस पोटात बसेल, दोन पावलांवर गायब होईल. जिथे तो नीट ऐकू येतो तिथे खुर्ची टाका. काकू नऊला झोपतात, त्यामुळे त्यानंतर हेडफोन.

मग फोन

शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, इक्वलायझरमधला बेस बूस्टही बंद. गाणी आधी डाउनलोड करून ठेवा. क्रम मोडू नका. कंपायलेशन लावणाऱ्याने पान वाढावं तसं ते लावलेलं असतं, चटणी कुठे आणि भात कधी हे ठरवून.

पहिल्यांदा पायाने ऐका

घड्याळ समोर ठेवा, पायाने ठेका धरा आणि 15 सेकंदांत किती ठोके पडले ते मोजून चारने गुणा. डब बऱ्याचदा 70च्या आसपास येईल, ट्रान्स 140च्या. बरोबर दुप्पट! एकाच संग्रहात हे दोघं गुण्यागोविंदाने का नांदतात, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. ट्रान्सच्या दोन ठोक्यांत डबचा एक बसतो. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ताशा वर तडतडत असतो, ढोल खाली सावकाश जमीन धरून असतो. तुम्ही ढोल धरा.

दुसऱ्यांदा, काय काढून टाकलंय ते ऐका

खरी मजा इथे आहे, आणि घाई केली तर हीच निसटते. डब जन्मला जमैकात, किंग्स्टनला. तिथे रेगे या तिथल्या संगीताच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याची गायकाविना आवृत्ती देत. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने 1970च्या दशकात मिक्सिंगचं टेबलच वाद्यासारखं वाजवायला घेतलं. गाणं तयार असायचं; तो त्यातून गळा काढायचा, गिटार काढायचा, मधेच एखादा शब्द परत सोडायचा आणि त्याला टेप डिलेच्या, म्हणजे आवाज पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राच्या, विहिरीत ढकलायचा. ली पेरी नावाच्या दुसऱ्या अवलियाने 1973 साली घराच्या आवारात स्टुडिओ बांधून हेच आणखी वेडंवाकडं केलं.

म्हणून एकच गोष्ट निवडा, समजा ड्रमची एक थाप, आणि तिचा पाठलाग करा. ती परत किती वेळा येते? दर वेळी बारीक होते की मळकी? अशी हळूहळू विरत जाणारी थाप बहुधा डिलेची. आवाजाभोवती नुसती पोकळी जाणवली तर तो रिव्हर्ब. फरक कळत नसेल तर नाशिकची पांडवलेणी चढा, 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात एक हलकी टाळी वाजवा आणि ती दगडात कशी मुरते ते ऐका. गर्दी नसताना जा, लोक वळून बघतात.

ट्रान्सला दहा मिनिटं द्या

ट्रान्समध्ये काही घडतच नाही, ही तक्रार मीही केली आहे. घडतं, पण दुधाला उकळी येते तसं. बऱ्याचदा बत्तीस किंवा चौसष्ट मात्रांनी एक थर चढतो, मग ठोका अचानक थांबतो, नुसते सूर तरंगत राहतात आणि ठोका परत येतो. मधे एखादा चिरका, वळवळणारा आवाज ऐकलात की समजा तो रोलंड या वाद्यकंपनीच्या टीबी-303 या छोट्या यंत्राचा किंवा त्याच्या नकलेचा. 1980च्या दशकाच्या सुरुवातीचं हे यंत्र खरं तर गिटारवाल्यांना सरावासाठी साथ द्यायला काढलं होतं. त्या कामात ते सपशेल पडलं. 1990च्या दशकात आपल्या शेजारच्या गोव्यात, हणजूणच्या किनाऱ्यावर ट्रान्सचा जो वेगळा घाट घडला, त्यात हा चिरका आवाज भरभरून आहे.

एखादा ट्रॅक डोक्यात गेला तर खुशाल पुढे जा, फक्त आठवड्याने एकदा परत या.

परवा काकूंनाच हेडफोन लावला. डब चालू होता. मिनिटभर त्या डोळे मिटून बसल्या, मग एक कान मोकळा करून म्हणाल्या, "छान आहे रे. पण गाणारा मधेच कुठे गेला?"