लॉकटाइट लावलेला छोटा स्क्रू सुटत नसेल तर

थ्रॉटल बॉडीचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) किंवा सेन्सरचे बारीक स्क्रू हटत नसतील आणि आट्यांच्या टोकाला निळी-लाल पूड दिसत असेल, तर तो बहुधा गंज नाही, थ्रेडलॉकर आहे, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो लॉकटाइटसारखा चिकट द्रव, वाळलेला. त्यावर डब्ल्यूडी-४० (अडकलेले आटे सोडवायचा तेलकट स्प्रे) मारून फारसा उपयोग नाही. घट्ट झालेला थर तेलाने सुटत नाही, उष्णतेने मऊ पडतो. निळा बहुतेक वेळा साध्या हत्यारांनी निघतो. लाल मात्र २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो.

छोट्या स्क्रूला ब्लो टॉर्च कशाला? साठ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, टोकाला थोडं सोल्डर लावा म्हणजे उष्णता नीट उतरते, आणि ते डोक्याच्या खाचेत दाबून एक-दोन मिनिटं धरा. मग लगेच, गरम असतानाच फिरवा. गार झाला की परत धरतो. पहिला झटका सोडवायच्या दिशेने जोरात देण्यापेक्षा थोडं मागे, थोडं पुढे असं हलवलेलं बरं.

स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच हवा. जपानी बनावटीच्या भागांवर अनेकदा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची, अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. तिथे साधा फिलिप्स (नेहमीचा चार पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर) घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. मग बऱ्याचदा ड्रिलच वापरावं लागतं.

एअरबॅगजवळ आणि पेट्रोलचा अंश असलेल्या भागावर उष्णता अजिबात नको. थ्रॉटल बॉडी गाडीवरून काढून, साफ करून, पूर्ण वाळवून आणि सेन्सर, रबरी सील बाजूला ठेवूनच तापवा. धूर नाकात जाऊ देऊ नका.

परत बसवताना आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि निळ्याचा एकच थेंब लावा.