गोठ्याचं दार उघडायच्या आधीचे पाच सेकंद

लहान मुलांसाठीची प्राण्यांची बरीच अ‍ॅप्स एकाच युक्तीवर चालतात. दार बंद असतं, आतून आवाज येतो, बोट लावलं की दार उघडून प्राणी दिसतो. ‘पीकाबू बार्न’ हे त्यातलं जुनं नाव. विशेष शिक्षणात नव्याने आलेल्याला वाटतं, प्राणी दिसला, मूल हसलं, काम झालं. पण खरं काम आवाज आणि दार यांच्या मधल्या फटीत असतं. तिथे मूल ऐकतं, अंदाज बांधतं, आपल्या तोंडाकडे बघतं, ओठ हलवून पाहतं. ही फट पाच ते दहा सेकंद टिकवायची, आणि त्या वेळात आपणही गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात उशिरा जमतं.

मूल पडद्यावर हाताने थापट्या मारत सुटलं की फट उरतच नाही. आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ सुरू केलं तर पडद्याच्या हव्या त्या भागावर बोटाने गोल काढून तिथला स्पर्श बंद करता येतो. जाहिरातीचं किंवा मागे जायचं बटण असंच झाकतात. अँड्रॉइडचं ‘अ‍ॅप पिनिंग’ फक्त अ‍ॅपमधून बाहेर पडणं अडवतं, स्पर्श थांबवत नाही. तिथे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, आवाज संपेपर्यंत पडद्यावर धरा आणि मग बाजूला करा. इंटरनेट आधीच बंद करून ठेवा.

टॅब हातात द्यायच्या आधी बेसलाइन घ्या, म्हणजे मुलाला आज काय येतं याची नोंद. पाच प्राणी, खेळणी आणि फोटोकार्डं, सलग तीन दिवस. जोडी लावतो का, “गाय दे” म्हटल्यावर देतो का, “हे काय?” विचारल्यावर सांगतो का, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. जोडी लावता येते पण नाव ऐकून देता येत नाही, अशा मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं उद्दिष्ट ‘प्राणी ओळखणे’ असं मोघम लिहू नका. ‘दोन चित्रांतून नाव ऐकून गाईच्या चित्रावर बोट ठेवेल, १० पैकी ८ वेळा, सलग तीन सत्रं’ असं लिहिलं की कोणीही मोजू शकतं. सत्र पाच ते सात मिनिटांचं, सुरुवातीला प्राणी दोनच.

आता शब्दांचं बघा. पाठ्यपुस्तकात शेळी असते, नागपुरातल्या बहुतेक घरांत बकरी असते. कुठे घरची भाषा हिंदी, कुठे गोंडी. आईला विचारा आणि तोच शब्द धरा. दुसरा शब्द पहिला पक्का झाल्यावर. परदेशी अ‍ॅपमधली गाय ‘मू’ करते, आपली हंबरते, आणि कोंबड्याची बांग तर ओळखूही येत नाही. म्हणून अ‍ॅपमधलं बोलणं बंद करता येत असेल तर करा. फक्त प्राण्याचा खरा आवाज ठेवा आणि नाव आपण म्हणा. चित्रांचीही तीच अडचण. अ‍ॅपमधली गाय काळी-पांढरी, तर इकडची गवळाऊ पांढरी-राखाडी. म्हशीचा पत्ताच नसतो, आणि लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस मुलाने रस्त्यावर रोज पाहिलेली असते. दहा फोटो स्वतः काढा, साध्या पार्श्वभूमीवर, एका स्लाइडवर एकच प्राणी आणि आईच्या आवाजात नाव. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि विकतच्या बऱ्याच अ‍ॅप्सपेक्षा सरस ठरतं.

अ‍ॅप निवडताना चूक झाल्यावर काय होतं ते आधी पाहा. चुकीच्या उत्तराला ‘टॉइंग’ असा गमतीदार आवाज असेल तर मूल मुद्दाम चुकीचंच दाबतं, आणि आपण लिहितो ‘समजलं नाही’. बरोबर चित्र नेहमी डावीकडेच येत असेल तर मूल गाय शिकत नाही, डावी बाजू शिकतं. अ‍ॅपने दिलेले तारे नोंद म्हणून धरू नका. सगळीकडे थापट्या मारूनही तारे मिळतात. आपली वही ठेवा, प्रत्येक प्रयत्नाला एक खूण: स्व (स्वतः), खू (खुणेने), शा (शाब्दिक, म्हणजे सांगून), हा (हाताला धरून). मदत लागलीच तर आधी खूण करा. “दाब, दाब” म्हणायची सवय लागली की ती काढणं अवघड जातं, कारण मूल आपल्या शब्दाचीच वाट बघत बसतं.

बसण्याची व्यवस्था मुलागणिक बदलते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी असणं) असलेल्या मुलाचे पाय टेकलेले आणि कोपराला आधार हवा. टॅब तिरक्या स्टँडवर, खाली न घसरणारी चटई. तळहात पडद्यावर टेकला की भलतंच उघडतं. जुन्या सुती मोज्याला तर्जनीपुरतं भोक पाडून तो हातावर चढवा. कापडातून बहुतेक पडद्यांना स्पर्श कळत नाही. लाळेने ओल्या पडद्यावरही स्पर्श चुकतो, सुती फडकं जवळ ठेवा. मेंदूमुळे दृष्टीत अडचण असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर एकच ठळक चित्र. आधी बघू द्या, आवाज नंतर, दोन्ही एकदम नको. फिट येणाऱ्या मुलांच्या पालकांना आधी विचारा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं अ‍ॅप कोणालाच नको. आवाज सहन न होणाऱ्या मुलाचं सत्र शून्य आवाजावर सुरू करा आणि वाढवायचं बटण त्याच्या हातात द्या.

नागपूरचा म्हणून एक वेगळा त्रास आहे, कूलर. एप्रिल आणि जूनमध्ये वर्गात डेझर्ट कूलर घरघरतो, त्यात बकरीचा आवाज हरवतो, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाच्या कानात तर कूलरच मोठा होऊन जातो. सत्राच्या सात मिनिटांपुरता तो बंद करा किंवा सत्र सकाळी पहिल्या तासाला घ्या. आयपॅडसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलेलं आहे. खिडकीत ठेवलेला टॅब दुपारी तापून इशारा देतो, पडदा मंद होतो, आणि मुलाला वाटतं की आपणच काही बिघडवलं.

टॅब काढून घेताना रडारड होणार. ती कमी होते ती ‘आधी–मग’च्या फळीने: आधी टॅब, मग चेंडू. ‘मग’ खरंच आवडीचं हवं. वाळूचं घड्याळ समोर ठेवा आणि शेवटचं दार मुलालाच उघडू द्या. मधेच हिसकावलेला टॅब दुसऱ्या दिवशीचं सत्रही खातो.

दोन प्राणी टॅबवर पक्के झाले की लगेच बाहेर काढा, नाहीतर ‘गाय’ म्हणजे फक्त ते चित्र होऊन बसतं. क्रम असा: अ‍ॅप, फोटोकार्ड, खेळणं, खरा प्राणी. तान्हा पोळ्याचा लाकडी नंदीबैल यासाठी अगदी हाताशी आहे, दोरीने ओढता येतो, हाताने चाचपता येतो; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मूल तो घेऊन गल्लीत फिरेल तेव्हा ‘बैल’ हा शब्द चार माणसांसमोर लागेल. सहलीसाठी पहिली पसंती महाराजबाग प्राणिसंग्रहालयाला, कारण चालत जाऊन एका प्राण्यापुढे हवं तितकं थांबता येतं. गोरेवाड्याची सफारी छान, पण बसमधून लांबचा, झुडपात बसलेला प्राणी शोधणं या मुलांना जड जातं. ती पुढच्या वर्षी.

घरी देताना पालकांना अ‍ॅपचं नाव सांगून सोडू नका. फोन हातात आला की पाच मिनिटांत व्हिडिओ सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि त्याहून कमी तर उत्तमच. आई-बाबांना वर्गात बसवून एक सत्र दाखवा, मग त्यांच्याकडून एक करून घ्या. पुठ्ठा त्यांच्याच हातात द्या आणि आवाज आल्यावर मनात पाच अंक मोजायला सांगा. बहुतेक जण दोनवर दार उघडतात.