ध्रुवीय स्थानकावर डिझेल वाचवताना या चुका टाळा

पवनचक्की उभी राहते, जनरेटरचं डिझेल कमी लागतं, आणि तरीही वर्षअखेरीला साठा अपेक्षेइतका उरत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: हिशेब फक्त विजेचा केलेला असतो. डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा वीज होते. बाकीची इंजिनाच्या पाण्यातून आणि धुरातून बाहेर पडते, आणि तिच्यावरच खोल्या उबदार राहतात, पाण्यासाठी बर्फ वितळतो. वाऱ्याने जनरेटरचा भार उतरवला की ही उष्णताही आटते, मग बॉयलर पेटतो. म्हणून जनरेटर आणि बॉयलर, दोन्हींचे लिटर दर आठवड्याला एकाच पानावर लिहा. जास्तीची वीज गरम पाण्याच्या टाकीतल्या हीटरला द्या. आणि त्याआधी गळके नळ दुरुस्त करा: उणे २० अंशांच्या बर्फाचं १० अंशांचं १०० लिटर पाणी करायला जवळपास १२ युनिट लागतात. नवी यंत्रं मागवण्याची घाई असलेल्यांना हे काम क्षुल्लक वाटतं. खरी बचत इथूनच सुरू होते.

'आता वारा आहे, जुना जनरेटर काढून टाका' हा सल्ला तर धोकादायकच. अंटार्क्टिकातल्या ऑस्ट्रेलियाच्या मॉसन स्थानकावर २००३ मध्ये ३०० किलोवॉटच्या दोन पवनचक्क्या बसल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये एकीचं वरचं डोकं खाली कोसळलं. कुणाला इजा झाली नाही, पण खबरदारी म्हणून दुसरीही थांबवावी लागली. स्थानक चाललं ते राखीव डिझेल जनरेटरवर. राखीव संच आठवड्यातून एकदा खऱ्या भारावर चालवा. नुसता रिकामा फिरवू नका. क्षमतेच्या ३० टक्क्यांखालच्या भारावर सतत चाललेल्या इंजिनात न जळलेलं इंधन आणि काजळी साचते. 'सुरक्षेसाठी' दोन मोठे संच अर्धपोटी चालवण्यापेक्षा एक लहान संच नीट भारावर चालवणं केव्हाही बरं.

एकापुढे एक जोडलेल्या सौरपॅनलची साखळी ठरवताना पॅनलवर छापलेला २५ अंशांचा व्होल्टेज धरू नका. उणे ४० ला तो १८ ते २० टक्के चढतो. ४०० व्होल्टची साखळी ४८० च्या आसपास जाते, आणि ४५० व्होल्टपर्यंतच सोसणारा इन्व्हर्टर वसंतातल्या पहिल्याच स्वच्छ, गोठलेल्या सकाळी जळतो.

पॅनल आडवे नकोत, जवळजवळ उभे लावा. सूर्य खालीच असतो आणि बर्फही टिकत नाही.

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. आधी पेटी गरम, मग चार्जर सुरू.