श्वास रोखू नका, थांबेल तिथे हजर राहा

आधी हेच सांगते, कारण मी दोन वर्षं हीच चूक केली. नाक दाबायचं, आकडे मोजायचे, छाती ताणून बसायचं आणि उठताना कपाळ ठणकायचं. कुंभक, म्हणजे मुद्दाम श्वास रोखून धरणं, ही वेगळी साधना आहे. ती जाणत्या माणसासमोर बसूनच शिकावी. इथे श्वास रोखायचा नाही, तो आपला आपण थांबतो.

काश्मीरच्या शैव परंपरेतल्या विज्ञानभैरव या ग्रंथात भैरव, म्हणजे शिव, देवीला 112 धारणा, म्हणजे ध्यानाच्या रीती, सांगतो. त्यांतली ही पहिली, 24व्या श्लोकातली. श्वास जिथून उगवतो अशा दोन जागा त्यात येतात: आत हृदय आणि बाहेर द्वादशान्त, म्हणजे नाकापासून बारा अंगुळं. चार बोटं आडवी धरून तीनदा मोजा, अंदाज येईल.

मी पहाटे साडेपाचला भिंतीशी दुमडलेल्या घोंगडीवर बसते. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. पहिली पाच मिनिटं नुसतं बसा. आपण बघतोय म्हटल्यावर श्वास अवघडतो, ओढूनताणून चालायला लागतो. त्याला सवय होऊ द्या.

मग बाहेर जाणाऱ्या श्वासाच्या मागोमाग जा. कोमट हवा वरच्या ओठाला लागते, पातळ होत जाते, मग लागेनाशी होते. पुढचा श्वास अजून आलेला नसतो. हीच ती जागा. माहेरच्या झोपाळ्याच्या कड्या जाताना कुरकुरायच्या, येताना कुरकुरायच्या, पण अगदी टोकाला एक क्षण आवाजच नसायचा. तसंच हे.

सुरुवातीला बाहेरचीच जागा धरा. तिथे अंग सैल असतं आणि विरामही जरा लांब असतो. श्वास आत भरल्यानंतरचा विराम फार निसटता आहे, त्याच्याकडे पंधरा-वीस दिवसांनी वळा.

'आला, आला!' असं मनात म्हटलंत की विराम गेलाच. तो लांबवायलाही जाऊ नका, पुढचा श्वास येईल तसा येऊ द्या. श्लोकात त्या स्थितीला 'भरिता' म्हटलंय, भरलेली. मला मात्र ती कितीतरी दिवस रिकामीच वाटायची, आणि त्या रिकामपणाची भीतीही वाटायची. पुढच्याच श्लोकात या दोन जागांना 'वियद्युग्म' म्हटलंय, आकाशांची जोडी. हा शब्द मिळाला आणि माझी भीती गेली. आकाशाला कशाला घाबरायचं?

गुदमरल्यासारखं किंवा गरगरल्यासारखं झालं तर डोळे उघडा. नकळत श्वास रोखला जात असतो. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दहा मिनिटं पुरेत. दारात दुधाची पिशवी पडल्याचा आवाज आला की मी उठते. गॅसवर दूध वर येईपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या आणखी दोन-तीन विराम सापडतात.