समुद्रावरचा मोकळा दिवस : या चुका टाळा

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी उरकली की आमच्या दारव्हा-दिग्रसकडं मालवणला जायची टूम निघते. माणसं गोळा करण्यापासून खोल्या ठरवण्यापर्यंतचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. मुक्कामातला एक दिवस मी सगळ्यांना मोकळा देतो. ज्यानं त्यानं एकटं फिरावं, वाळूत पडावं, बाजार हिंडावा. आणि नेमक्या त्याच दिवशी दरवर्षी तेच ते घोळ होतात. तोंडानं सांगून झालं, आता लिहून देतो.

भरतीची वेळ न पाहता निघणं

ही सगळ्या चुकांची आई. आपली अडाण नदी पूर सोडला तर जागची हलत नाही, त्यामुळं पाणी दिवसातून दोनदा अंगावर येतं आणि दोनदा मागं जातं, हे आपल्या माणसाच्या डोक्यातच बसत नाही.

माझ्या मावसभावाचा पोरगा भाड्याची स्कूटर घेऊन एकटाच देवबागला गेला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. सकाळी ओहोटी होती. वरच्या कोरड्या वाळूत चाक फसतं आणि खालची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक लागते, म्हणून ह्यानं गाडी थेट खाली नेऊन लावली. फोटो काढले, मग वर सुरूच्या झाडांखाली दुपट्टा अंथरून झोपला. दिवस पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचा. दहाच्या सुमारास जाग आली तर मागचं चाक अर्धं वाळूत आणि लाटा सीटवर.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे मच्छीमार तिथंच होते. त्यांनी दोर बांधून गाडी बाहेर काढली आणि एकच सांगितलं, सुरू करू नको, आधी गोड्या पाण्यानं धू आणि मेकॅनिकला दाखव. पण दम कुणाला! ह्यानं लगेच बटण दाबलं. इंजिनात पाणी गेलेलं, ते जे घुर्र करून बसलं ते बसलंच. डिपॉझिट गेलं, वर दुरुस्तीचे पैसे गेले. संध्याकाळी मला म्हणतो, "काका, मले काय माहीत पाणी वरतं येते म्हून!"

आता माझी पद्धत. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असते, तेवढी पुरते. जुन्या माणसांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असायची, तिचा हा उपयोग. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. त्याच्या सहाएक तास मागंपुढं ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. हिशोब ढोबळ आहे, जागेप्रमाणं तासभर इकडंतिकडं होतो, म्हणून किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एखाद्या दादांना विचारून पक्कं करून घ्या. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, तेही पाहा. पण ऐन वेळी रेंज जाते, पाऊणकी जात नाही.

पिशवी-चपला कुठं ठेवायच्या? वाळूवर काडीकचरा आणि शिंपल्यांची एक ओळ दिसते. मागची भरती तिथवर आली होती. त्या ओळीच्या चांगलं वर.

"मी पैनगंगेत पोहतो ना!"

पोहत असशील बाप्पा, पण नदी एकाच दिशेनं नेते आणि कधीतरी काठाला लावते. समुद्रात लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत आत जातं. गंमत अशी की दोन्हीकडं लाटा फुटत असतात आणि नेमका तोच पट्टा शांत दिसतो, म्हणून नवखा माणूस तिथंच उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडं हात मारत दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. एकट्यानं गेलेल्यानं मात्र गुडघ्याच्या वर पाणी येऊच देऊ नये, असं माझं मत आहे. कर्लीच्या संगमावर तर पायही बुडवू नका.

ऊन हलक्यात घेणं

४५ अंश पाहिलेला विदर्भातला माणूस तिथल्या ३२ अंशांना हसतो आणि दुपारी डोकं धरून बसतो. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग गार पडतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. पाणी पीत राहा. दुपट्टा डोक्याला बांधा, मान झाका, आणि पावलांच्या वरच्या बाजूला तेवढं उन्हाचं मलम लावा. ती जागा सगळे विसरतात आणि रात्री चप्पल घालवत नाही.

एका दिवसात सगळं उरकणं

सकाळी तारकर्ली, मग किल्ला, मग स्कूबा, मग बाजार, संध्याकाळी वेंगुर्ला. अशी यादी घेऊन आलेल्या माणसाला मी सरळ सांगतो, तू घरीच राहून व्हिडिओ पाह्य. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं, आणि आपले लोक तिथं तासाभरात सेल्फी घेऊन परततात. होडीवाला परतीची ठरावीक वेळ देतो, हे खरं. म्हणून तर आधी शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून घ्या. चहूकडं खारं पाणी आणि मधे गोड्या विहिरी, ह्यापेक्षा फोटो मोठा आहे का?

मोकळ्या दिवसाला एक किनारा आणि एक बाजार पुष्कळ झाला.

भर दुपारी बाजारात जाणं

जेवण झालं की तिकडं बरीच दुकानं बंद. एक ते चार कुलपं बघत हिंडायचं आणि मग "कोकणात काही मिळत नाही" म्हणायचं, ही आपली रीत. सकाळी समुद्र, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर बाजार.

काजू नुसत्या भावावर घेणं

पाकिटावर २४०, ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, अंदाजे किती काजूगर बसतात, तो हा आकडा. आकडा मोठा तर काजू लहान. त्यामुळं २४० आणि ३२० चा भाव सारखा नसतोच, आणि "तिकडं स्वस्त होता" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. भाजीत घालायला तुकडा घ्या, पाहुण्यांपुढं ठेवायला अख्खा. एक गर तोंडात टाकून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. दातांत कडक्‌कन तुटला पाहिजे.

कोकमाचं आगळ आणि कोकमाचं सरबत ह्यांत फरक आहे. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, तो सोलकढीसाठी. गेल्या साली एका वहिनींनी त्यात साखर घालून पाहुण्यांना दिलं, पाहुणे अजून आठवण काढतात.

मालवणी खाजा दोन-तीन दिवस पुरेल एवढाच घ्या, गाडीतच संपतो.

सुकट, बोंबील घ्यायचेच असतील तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच न्या. प्लास्टिकच्या पिशवीला पिशवी, तिला आणखी पिशवी, असले प्रयोग करू नका. कुडाळपासून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेचा अख्खा डबा तुमच्याकडं बघत बसतो, आणि मला मधल्या बर्थवरून खोटं बोलावं लागतं की तो वास आमचा नाही.